कबनूरचे माग, वुपर्टालच्या चुका

इचलकरंजीलगतच्या कबनूरच्या कुठल्याही माग-शेडमध्ये थोडा वेळ कान देऊन उभं राहिलं, तर खडखडाटातूनही चार-पाच भाषा वेगळ्या काढता येतात. मराठी आहेच. दखनी वळणाची हिंदी आहे, जवळच्या सीमेपलीकडची कानडी आहे आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्या कामगारांच्या आपापल्या बोली आहेत. या कामगारांसाठी मराठीचा वर्ग कुणी भरवलेला नसतो. जॉबर हाक मारतो, खर्चीवाला मालक हिशेब सांगतो, चहाच्या गाड्यावर चार शब्द कानावर पडतात आणि वर्षभरात माणूस काम भागण्यापुरतं मराठी बोलू लागतो. हिंदी पट्ट्यातून आलेल्याच्या बोलण्यात एक चूक मात्र हमखास सापडते : ‘माझा काम झाला’, ‘सूत संपला’, ‘पाणी गेला’.

ऐकणारे हसतात. पण गोरखपूरचा कामगार आणि पाटण्याचा कामगार, एकमेकांना कधीही न भेटलेले, नेमकी हीच चूक करतात, हे हसण्यापेक्षा लक्ष देण्यासारखं आहे. हिंदीत लिंगं दोनच. तिसरं लिंग असू शकतं याची त्या कानाला सवयच नसते, त्यामुळे ‘झाला’ आणि ‘झालं’ यांतला फरक दिवसातून शंभरदा ऐकूनही निसटतो. म्हणजे चूक आहे, पण तिला नियम आहे.

दुसरी भाषा शिकणाऱ्याच्या चुका हा आळसाचा किंवा मंद बुद्धीचा पुरावा नसून त्याच्या डोक्यात आकार घेत असलेल्या व्याकरणाचा पुरावा आहे, असं ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ साली मांडलं. पाच वर्षांनी अमेरिकेतल्या लॅरी सेलिंकर यांनी या मधल्या अवस्थेला एक वेगळं नावच देऊन टाकलं : शिकणारा जी बोलतो ती त्याची मातृभाषाही नसते आणि लक्ष्यभाषाही नसते, ती एक तिसरीच, मधली भाषा असते. हा विचार पुढे सगळ्यात कसोशीनं तपासला गेला तो जर्मनीत. आणि तिथे तो तपासण्यासाठी संशोधक कुठल्या भाषावर्गात गेले नाहीत, कारखान्यांतल्या परदेशी मजुरांकडे गेले.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत कारखाने उभे राहिले, पण हात कमी पडू लागले. १९५५ साली इटलीशी मजूर पाठवण्याचा करार झाला, १९६० मध्ये स्पेन आणि ग्रीसशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी. १९७३ साली तेलसंकटाच्या तोंडावर ही भरती थांबवली गेली, तेव्हा देशात सुमारे २६ लाख परदेशी कामगार होते. त्यांना ‘पाहुणे कामगार’ म्हणत. पाहुणा परत जाणार हे गृहीत असल्यामुळे त्याला भाषा शिकवण्याच्या भानगडीत सरकार पडलं नाही. लोक खाणीत, मोटारींच्या कारखान्यात, सूतगिरण्यांत कानानंच जर्मन शिकले आणि मोडकीतोडकी बोलू लागले. त्या मोडक्या जर्मनवर १९६८ साली पहिला लेख लिहिला मायकेल क्लाइन या ऑस्ट्रेलियातल्या भाषाशास्त्रज्ञानं. जर्मनीतल्या विद्यापीठांना जाग आली ती त्यानंतर.

सत्तरच्या दशकाच्या मध्याला हायडेलबर्ग विद्यापीठात वोल्फगांग क्लाइन आणि नॉर्बर्ट डिटमार यांच्या गटानं ४८ इटालियन आणि स्पॅनिश कामगारांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. हे कामगार किती वर्षं जर्मनीत आहेत, कोणत्या वयात आले, किती शिकले आहेत, कामावर कुणाशी बोलतात, सुट्टीच्या दिवशी कुणाशी बोलतात, अशी सगळी माहिती त्यांच्या वाक्यांच्या रचनेशी ताडून पाहिली. जास्त वर्षं राहिलेल्याची भाषा जास्त चांगली असणार, अशी आपली सगळ्यांचीच समजूत असते. ती फारशी टिकली नाही. सुरुवातीची वर्षं सोडली तर वास्तव्याचा काळ फारसा फरक करत नव्हता. सगळ्यात मोठा फरक पडत होता तो फावल्या वेळात जर्मन माणसांशी असलेल्या संबंधांनी, आणि त्यानंतर जर्मनीत येतानाच्या वयानं. कामावरची बोलाचाल पुरत नव्हती, कारण मशीनपाशी माणूस तेच तेच पन्नास शब्द वापरतो.

दुसरा गट वुपर्टालचा. या गावाची ओळख कबनूर-इचलकरंजीच्या वाचकाला सहज पटेल. वुपर नदीच्या काठची बार्मेन आणि एल्बरफेल्ड ही दोन जुनी कापडगावं १९२९ साली एक करून हे शहर केलं गेलं. सूत, फिती, रंगकाम यांवरच ती गावं वाढली. कार्ल मार्क्सचा सोबती फ्रेडरिक एंगेल्स १८२० साली याच बार्मेनमध्ये एका गिरणीमालकाच्या घरी जन्मला, आणि विशीच्या आत असतानाच त्यानं रंगाच्या कारखान्यांमुळे लाल झालेल्या वुपर नदीचं वर्णन लिहून ठेवलं. पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांना ते वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला १९०४ साली, विठ्ठलराव दातारांमुळे. वुपर्टालमध्ये त्याच्या कितीतरी आधी.

तर या वुपर्टालच्या विद्यापीठात युर्गन माइझेल, हाराल्ड क्लाझेन आणि मानफ्रेड पीनेमान यांनी इटालियन आणि स्पॅनिश कामगारांची जर्मन तपासायला घेतली. एका वेळच्या पाहणीत त्यांनी ४५ जणांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. लक्ष ठेवलं एकाच गोष्टीवर : वाक्यात क्रियापद कुठे येतं.

जर्मनमध्ये ही गोष्ट साधी नाही. साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागेवर असतं. ‘इष् गेहे होइटे नाख कोल्हापूर’, म्हणजे शब्दशः ‘मी जातो आज कोल्हापूरला’. ‘आज’ पुढे आणलं, तरी क्रियापद दुसरी जागा सोडत नाही, त्यामुळे कर्त्याला त्याच्या मागे जावं लागतं : ‘होइटे गेहे इष्’, ‘आज जातो मी’. ‘पाहिजे’, ‘शकतो’ अशा अर्थाचं सहायक क्रियापद आलं, की ते दुसऱ्या जागेवर बसतं आणि मुख्य क्रियापद थेट वाक्याच्या शेवटी जातं. आणि ‘कारण’, ‘की’, ‘जर’ यांनी जोडलेल्या उपवाक्यात तर सगळं क्रियापदच शेवटी.

वुपर्टालच्या गटाला दिसलं ते असं. सगळे जण प्रथम कर्ता, क्रियापद, कर्म अशा सरळ ओळीत बोलतात. मग ‘आज’, ‘तिथे’, ‘मग’ असे शब्द वाक्याच्या तोंडाशी आणतात, पण बाकीची ओळ तशीच ठेवतात. म्हणजे ‘होइटे इष् गेहे’ असं चुकीचं वाक्य तयार होतं. वर्गात यासाठी गुण कापले जातील, पण संशोधकांच्या हिशेबी ही प्रगती होती, कारण शिकणाऱ्यानं ओळीला पहिल्यांदा हात घातला होता. तिसऱ्या पायरीवर क्रियापदाचे दोन तुकडे करून एक शेवटी न्यायला जमतं. चौथ्या पायरीवर ‘होइटे गेहे इष्’ ही उलटापालट येते. सगळ्यात शेवटी येतं उपवाक्यातलं क्रियापद शेवटी टाकणं. कुणी लवकर चढतो, कुणी दुसऱ्याच पायरीवर दहा वर्षं बसतो, पण चौथी आधी आणि तिसरी नंतर असं कुणाचंच झालं नाही.

पीनेमान यांनी मग मास्तरांना अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला. वर्गात शिकवलं तर पायरी गाळता येईल का? इटालियन मजुरांच्या मुलांच्या एका छोट्या गटाला त्यांनी उलटापालटीचा नियम मुद्दाम शिकवला. जी मुलं तिसऱ्या पायरीवर पोहोचली होती, त्यांनी तो लगेच उचलला आणि बोलण्यात वापरला. ज्यांची तिसरी पायरीच अजून व्हायची होती, त्यांनी वर्गात तो घोकला. बाहेर बोलताना मात्र तो कुठेच दिसला नाही. १९८४ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि भाषाशिक्षणाच्या जगात त्यावरून पुष्कळ वाद झाले. मुलं थोडी, प्रयोग लहान, हे आक्षेप रास्त होते. पण पायऱ्यांचा क्रम नंतर अनेकांनी पुन्हा तपासला आणि तो बऱ्याच अंशी टिकला.

इथपर्यंतची गोष्ट इटालियन आणि स्पॅनिश लोकांची. त्यांच्या भाषेत मुळातच कर्ता, क्रियापद, कर्म असा क्रम असतो, म्हणून त्यांची पहिली पायरी तशी. मराठीत क्रियापद शेवटी. मग मराठी माणसाची शिडी वेगळी असेल का?

हा प्रश्न जर्मनीत मराठी माणसांमुळे उभा राहिला नाही, तुर्कांमुळे राहिला. तुर्की भाषेतही क्रियापद शेवटी येतं. क्लाझेन आणि पीटर मॉइस्कन यांचं १९८६ सालचं म्हणणं असं, की प्रौढ माणूस कुठल्याही भाषेतून आलेला असो, तो जर्मनची सुरुवात सरळ ओळीनंच करतो. त्याला उत्तर आलं नव्वदच्या दशकात. बॉनी श्वार्ट्‌झ आणि रेक्स स्प्राउझ यांनी एका प्रौढ तुर्की कामगाराच्या बोलण्याचा माग काढला आणि दाखवलं, की सुरुवातीला तो क्रियापद चक्क शेवटी टाकत होता. माणूस नवी भाषा कोऱ्या पाटीवर लिहीत नाही, मातृभाषेचं सगळं व्याकरण सोबत घेऊन येतो आणि मग जिथे अडेल तिथे बदलत जातो, असा त्यांचा सिद्धांत. हा वाद पूर्ण मिटलेला नाही. पण मराठी मुलांच्या जर्मन वर्गात बसून पाहणाऱ्याला दुसरी बाजू जास्त जवळची वाटेल.

कारण मराठी तुर्कीच्याच रांगेत बसते. इटालियन माणसाला जे सगळ्यात शेवटी जमतं, ते मराठी माणसाच्या तोंडात जन्मापासून आहे. ‘वाइल इष् होइटे नाख कोल्हापूर गेहे’ हे उपवाक्य घ्या. शब्दामागे शब्द ठेवत गेलं तर ‘कारण मी आज कोल्हापूरला जातो’. ‘नाख’ हा ‘ला’चा भाऊ नावाच्या मागे न येता पुढे येतो एवढं सोडलं, तर काहीही हलवावं लागत नाही. क्रियापदासाठी वाक्य संपेपर्यंत थांबावं लागतं, या जर्मन खोडीवर मार्क ट्वेननं १८८० साली आख्खा विनोदी निबंध लिहिला. आपण रोज थांबतो, म्हणून त्या विनोदाची धार मराठी वाचकाला तितकी जाणवत नाही.

अडचण उलट्या बाजूनं येते. ज्या साध्या वाक्यात इंग्रजी किंवा इटालियन माणूस सहज निभावतो, तिथे मराठी माणसाला क्रियापद उचलून दुसऱ्या जागेवर आणावं लागतं, आणि ‘आज’ पुढे आला की कर्त्याला मागे सारावं लागतं. आपल्याकडची बहुतेक मुलं शाळेत इंग्रजी शिकलेली असल्यामुळे आणखी एक गुंता होतो. ती जर्मन वाक्य मराठीतून न करता इंग्रजीतून करतात, आणि ‘होइटे इष् गेहे’ म्हणून मोकळी होतात. दोन भाषा वाटेत उभ्या असतात. त्यांतली कोणती कुठे उपयोगी पडते, हे शिक्षकानं दाखवलं तर वर्गातला बराच घाम वाचेल. उपवाक्य शिकवताना मराठी आठवायला लावावी, साध्या वाक्याच्या वेळी इंग्रजी, आणि उलटापालटीच्या वेळी दोन्ही विसरायला सांगावं. जर्मन पाठ्यपुस्तकं जगभरासाठी छापलेली असतात, त्यांत हे सापडणार नाही.

मराठीचे आणखी दोन-तीन फायदे आहेत. जर्मनमध्ये लिंगं तीन, मराठीतही तीन. निर्जीव वस्तूला पुल्लिंगी का म्हणायचं, याचा धक्का हिंदी माणसालाही बसत नाही, पण नपुंसकलिंगाचा बसतो. मराठी माणसाला तो बसत नाही. जर्मनमध्ये ‘मुलगी’ या अर्थाचा नेहमीचा शब्द नपुंसकलिंगी आहे हे कळल्यावर इंग्रज चक्रावतो. ‘पोरगं’, ‘लेकरू’ म्हणणाऱ्याला त्यात विशेष काही वाटू नये. अर्थात कुठला शब्द कोणत्या लिंगाचा, हे पाठच करावं लागतं, त्यात मराठीची मदत नाही. क्रियापदाच्या बाबतीत तर कोल्हापूरकरणींना जर्मन जास्तच मानवेल. ‘मी येतो’, ‘मी जातो’ असं बिनदिक्कत म्हणणाऱ्या या भागातल्या बायकांना पुण्यात जे टोमणे ऐकावे लागतात, ते जर्मनीत ऐकावे लागणार नाहीत, कारण जर्मन क्रियापद बोलणारी बाई आहे की पुरुष, याची दखलच घेत नाही.

उच्चारांत ‘चोर’, ‘चांगला’ यांतला दंततालव्य च म्हणजे जवळजवळ जर्मन झेड. ‘दहा’ या अर्थाचा ‘त्सेन’ हिंदी भाषक ‘झेन’ किंवा ‘सेन’ करून टाकतो. मराठी जिभेला तो घरचा आहे. ओठ गोल करून ‘ई’ आणि ‘ए’ म्हणायचे दोन स्वर मात्र आपल्याकडे नाहीत, ते आरशासमोर उभं राहूनच बसतात.

आकड्यांची गंमत वेगळीच. जर्मन माणूस एकवीसला ‘एक-आणि-वीस’ म्हणतो. आधी एकक, मग दशक. ‘एकवीस’, ‘बावीस’, ‘पंचवीस’ची हीच चाल. इंग्रजी माध्यमातून आलेला विद्यार्थी दूरध्वनी क्रमांक लिहून घेताना गडबडतो, मराठी शाळेतला कमी गडबडतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आली आणि महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, ते आठवत असेल. त्या पुस्तकाच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांच्यावर विधिमंडळापासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळीकडून टीका झाली. जर्मनीत हाच वाद त्याच्या पंधरा वर्षं आधी सुरू झाला होता. बोखुमचे गणितज्ञ लोटार गेरिट्झन यांनी २००४ साली ‘वीस-एक’ नावाचीच संस्था काढली, आणि मुलांना संख्या लिहिताना त्रास होतो म्हणून उलटी पद्धत शाळेत आणावी अशी मागणी केली. ती मान्य झाली नाही.

सगळ्यात कठीण काय? उपपदं. प्रत्येक नामापुढे ‘डेर’, ‘डी’ किंवा ‘डास’, आणि विभक्ती बदलली की तेही बदलणार. मराठीत घोडा ‘घोड्याला’ होतो, म्हणजे बदल नामाच्या अंगावर होतो. जर्मनमध्ये नाम बहुधा तसंच राहतं आणि पुढचं उपपद ‘डेर’चं ‘डेम’ होतं. मराठी कान शब्दाची शेपटी ऐकण्यात तयार झालेला असतो. जर्मनमध्ये महत्त्वाची खबर डोक्यापाशी असते, आणि तीही पुटपुटल्यासारखी. तिथे कान वळायला वेळ लागतो आणि तो लागू द्यावा.

पुण्याचा जर्मन भाषाशास्त्राशी संबंध या सगळ्याच्या शंभर वर्षं आधीचा, तोही उलट्या दिशेचा. मार्टिन हाउग १८५९ मध्ये पुण्यात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून आले, त्यांच्या मागून १८६६ मध्ये फ्रान्झ कीलहॉर्न डेक्कन कॉलेजात आले आणि पंधरा वर्षं राहिले. गेऑर्ग ब्यूलर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात होते. पुढे पां. दा. गुणे तुलनात्मक भाषाशास्त्र शिकायला लायप्झिगला गेले आणि परत येऊन १९१८ साली त्यांनी त्या विषयावरचं पुस्तक लिहिलं. ज्यांच्या नावानं पुण्या-मुंबईची मॅक्सम्युलर भवनं चालतात, ते मॅक्सम्युलर मात्र भारतात एकदाही आले नाहीत.

त्या काळी भाषा शिकवण्याची जर्मन रीत म्हणजे नियम पाठ करा, मग वाक्यांचं भाषांतर करा. कार्ल प्लोट्झ यांच्या पुस्तकांनी ती शाळाशाळांत नेली, आणि भांडारकरांच्या ‘मार्गोपदेशिके’तून संस्कृत किंवा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून इंग्रजी शिकलेल्या मराठी पिढ्यांना तिची चव वेगळी सांगायला नको. या पद्धतीवर पहिला मोठा हल्लाही जर्मनीतूनच झाला. १८८२ साली विल्हेल्म फिएटर यांनी टोपणनावानं एक पुस्तिका काढली आणि भाषाशिक्षणानं आता उलट फिरलं पाहिजे, बोलण्यापासून सुरुवात केली पाहिजे, असं ठणकावून सांगितलं. एकशे चाळीस वर्षं उलटली, तरी कितीतरी वर्गांत अजून फळ्यावर तक्ते लिहून ‘डेर, डेस, डेम, डेन’ घोकवलं जातं. तक्ता वाईट नाही. तक्त्यावर वर्ग संपतो ते वाईट.

बोलण्यापासून शिकलेला एक जर्मन माणूस महाराष्ट्रानं जवळून पाहिला आहे. हायडेलबर्गचे गुंथर सोंथायमर धनगरांबरोबर हिंडले, त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, जेजुरीच्या वाटा पायाखाली घातल्या, आणि त्यांचं मराठी ऐकून लोक थक्क होत. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ साली निघाला. म्हणजे ज्या विद्यापीठात क्लाइन आणि डिटमार मजुरांची जर्मन ऐकत होते, तिथेच त्याच सुमारास एक प्राध्यापक धनगरांच्या देवांवर लिहीत होता. बिरदेवाचं मोठं ठाणं असलेलं पट्टणकोडोली कबनूरहून फार लांब नाही. सोंथायमरांची मराठी आणि हायडेलबर्गच्या पाहणीचा निष्कर्ष एकाच दिशेला बोट दाखवतात : कामापलीकडच्या सहवासात भाषा बसते.

आता हे सगळं कबनूरच्या पोरापोरींच्या दारात आलेलं आहे. हायडेलबर्ग ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे, त्या राज्याशी महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली कुशल मनुष्यबळाचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक अशा कामांसाठी पहिल्या टप्प्यात १०,००० जणांना पाठवायचं जाहीर झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात भारतीय कुशल कामगारांसाठीचे वार्षिक व्हिसा २०,००० वरून ९०,००० वर नेण्याची घोषणा जर्मनीनं केली. जर्मनच्या वर्गांच्या जाहिराती त्यामुळे पुण्या-मुंबईपुरत्या राहिल्या नाहीत. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा परदेशी भाषांचा विभाग आहेच. खासगी वर्गही निघाले, आणि काहींच्या फलकांवर ‘तीन महिन्यांत जर्मन’ असं ठळक अक्षरांत असतं.

तीन महिन्यांचा हिशेब करून पाहावा. युरोपात भाषेच्या सहा पातळ्या मानतात, ए-१ पासून सी-२ पर्यंत. परिचारिकेला जर्मनीत कामाचा परवाना मिळायला साधारणपणे बी-२ लागते. मॅक्सम्युलर भवनं चालवणाऱ्या ग्योटे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानं बी-१ पर्यंत पोहोचायला ४५ मिनिटांचे ३५० ते ६५० तास लागतात, बी-२ पर्यंत ६०० ते ८००. आठवड्यातले सहा दिवस रोज दोन घड्याळी तास वर्ग चालला, तर आठवड्याला असे १६ तास होतात. म्हणजे बी-२ साठी कमीत कमी नऊ महिने, नाहीतर वर्ष, तेही यात्रा, लग्नसराई, आजारपण आणि रात्रपाळी काही न धरता. तीन महिन्यांत मिळते ती ए-१, फार तर ए-२ च्या उंबरठ्यापर्यंतची मजल. वुपर्टालच्या शिडीवर ही दुसरी-तिसरी पायरी, आणि त्या पायरीवर उभं राहून रुग्णाची तक्रार समजून घेता येत नाही.

अर्ध्या वाटेवर अडकून राहण्याचा धोकाही असतो. युरोपातल्या पाच भाषांवरच्या एका मोठ्या प्रकल्पात हायडेलबर्गच्या पाहणीतले वोल्फगांग क्लाइन आणि क्लाइव्ह पर्ड्यू यांनी पुढे ४० प्रौढ स्थलांतरितांचा अभ्यास केला. इंग्लंडमधले पंजाबी भाषकही त्यात होते. प्रत्यय नाहीत, क्रियापदाचं एकच रूप, काळ सांगायला नुसतं ‘काल’ किंवा ‘उद्या’, अशी एक मूळ भाषा सगळ्यांनीच वाटेत घडवली. ती कामाला पुरते, म्हणूनच धोक्याची. सुमारे एक तृतीयांश लोक तिथेच थांबले. कबनूरच्या शेडमधला ‘माझा काम झाला’वाला कामगारही असाच थांबलेला असतो, त्याला पुढे जायची गरज कुणी निर्माण केलेली नसते. जर्मनीत गेलेल्या मराठी तरुणांचं तसं होऊ नये असं वाटत असेल, तर तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला जरूर जावं, पण आठवड्याच्या बाकीच्या संध्याकाळी गावातल्या फुटबॉल क्लबात किंवा शेजाऱ्याच्या बागेत घालवाव्यात.

वर्गाची फी भरण्याआधी तिथे दोन गोष्टी विचाराव्यात. एका तासात प्रत्येक विद्यार्थी स्वतः किती मिनिटं बोलतो, आणि गेल्या वर्षी किती जण बी-१ उत्तीर्ण झाले. पहिल्याचं उत्तर ‘नंतर बोलायला लावतो’ असं आलं, तर दुसरा वर्ग शोधावा. विद्यार्थ्याची चूक दिसली की शिक्षक लगेच खोडतो, की ती कुठल्या पायरीवरची आहे ते पाहतो, हेही एखादा तास मागच्या बाकावर बसून पाहता येतं. ग्योटे इन्स्टिट्यूटच्या बी-१ आणि बी-२ परीक्षांना वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार स्वतंत्र भाग असतात. प्रत्येकात १०० पैकी ६० गुण लागतात, आणि राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो.